एकट्याने ॲनिमेशन लघुपट करायचा तर: पायऱ्या, सामान आणि फीडबॅक कधी, कुणाकडून घ्यायचा

चित्र बऱ्यापैकी काढता येतं, डोक्यात एक छोटी गोष्ट आहे, दिवसा नोकरी किंवा कॉलेज आहे आणि संध्याकाळचे दोनेक तास हाताशी आहेत, अशा माणसासाठी हे लिहिते आहे. मी बडोद्यात दांडिया बाजारच्या बाजूला राहते. माझा लघुपट मी एकटीने केला: गोष्ट, चित्रं, आवाज, एडिट, सगळं. तेव्हा जी माहिती दहा ठिकाणांहून गोळा करावी लागली, ती इथे क्रमाने देते.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. काम एकट्याचं असलं तरी फिल्म दुसऱ्यांना तीन वेळा दाखवायची, आणि त्यातली पहिली वेळ ॲनिमेशनचं एकही पक्कं चित्र काढण्याआधी यायला हवी. बहुतेक नवी मंडळी फिल्म पूर्ण झाल्यावर दाखवतात. तोवर महिने गेलेले असतात. समोरच्याने नेमकं दुखणं दाखवलं, तरी ते दुरुस्त करायला ना वेळ उरलेला असतो ना ताकद. म्हणून या लेखात फीडबॅक शेवटच्या पायरीवर ढकललेला नाही, अधूनमधून येत राहील.

आणि बडोदेकरांना हे काम परकं वाटायचं कारण नाही. इथलं कलाभवन, म्हणजे कला आणि तंत्र शिकवणारी शाळा, १८९० साली सुरू झालं आणि तिथे शिकलेल्यांत दादासाहेब फाळके होते. फोटोग्राफीचे धडे त्यांनी इथे घेतले, आणि पुढे आगकाड्या एकेक फ्रेमला सरकवून एक छोटी फिल्मही केली. टेबल, कॅमेरा आणि घरातली वस्तू, एवढ्या भांडवलावर.

१. आधी गुणाकार करा

फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने चालते. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तर सेकंदाला १२ चित्रं लागतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये हे सर्रास चालतं, डोळ्याला खटकत नाही. म्हणजे एका मिनिटाला ७२०, दीड मिनिटाला १०८०, पाच मिनिटांना ३६०० चित्रं. पहिली फिल्म टायटल सोडून साठ ते नव्वद सेकंदांची ठेवा. पाच मिनिटांची गोष्ट सुचली असेल तर ती वहीत लिहून ठेवा आणि दुसरी शोधा.

मग एक चाचणी करा. दोन सेकंदांचा तुकडा, म्हणजे २४ चित्रं, कच्च्या रेघेपासून रंगापर्यंत पूर्ण करा आणि किती तास लागले ते लिहा. फिल्मच्या लांबीनुसार गुणा. आलेल्या आकड्यात निम्मे तास आणखी मिळवा, कारण फीडबॅकनंतर काही शॉट पुन्हा काढावे लागतातच. हा आकडा पाहून घाबरायला झालं, तर तीच गोष्ट कमी चित्रांत कशी सांगता येईल ते बघा. पात्र स्थिर आणि फक्त हात हलतोय, असं असेल तर हात वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या पारदर्शक थरावर घ्या. मोठं पार्श्वचित्र काढून त्यावरून कॅमेरा सरकवा. चालण्याचं एक चक्र काढून तेच फिरवा: साध्या चालीत एका पावलाला सुमारे १२ फ्रेम, म्हणजे दोन पावलांचं चक्र १२ चित्रांत होतं. म्हातारं पात्र असेल तर पावलाला १६ ते २० फ्रेम द्या, वय लगेच दिसतं.

२. पद्धत निवडा, आणि मग बदलू नका

हाताने काढलेलं, कापलेल्या कागदांचं कटआउट, वस्तू सरकवून केलेलं स्टॉप मोशन, किंवा थ्रीडी. ज्यात तुमचा हात आधीच बसलेला आहे ते घ्या. नवी पद्धत आणि पहिली फिल्म दोन्ही एकदम अंगावर घेऊ नका.

कमी साधनांत किती दूर जाता येतं याचं उदाहरण हवं असेल तर इशू पटेल यांचं काम पाहा. तेही बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकले, पुढे अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) आणि कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात गेले. कॅमेऱ्याखाली मणी मांडून १९७७ साली त्यांनी केलेला लघुपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला.

स्टॉप मोशन करणार असाल तर एक सापळा ठाऊक असू द्या. फोनचा कॅमेरा दर फोटोला उजेड, फोकस आणि रंग स्वतःहून बदलत राहतो, आणि फिल्म चालवली की चित्र लुकलुकतं. ॲपमध्ये हे तिन्ही लॉक करा. खिडकीला जाड पडदा लावा, कारण ऊन सरकतं. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की बल्बची थरथर बरीचशी जाते.

३. सामान

हे सगळं एकदम लागत नाही, पण यादी डोळ्यासमोर असावी:

– कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप, आणि छोटा पेन टॅब्लेट. स्क्रीनवाला महाग टॅब्लेट पहिल्या फिल्मला लागत नाही.
– कागदावर काढणार असाल तर पेग बार (प्रत्येक कागद त्याच जागी बसवणारी खुंट्यांची पट्टी), त्याला जुळणारं पंच आणि लाइटबॉक्स. लाइटबॉक्स काच आणि खाली एलईडी लावून घरी होतो.
– सॉफ्टवेअर, सगळी मोफत: चित्रांसाठी क्रिता किंवा ओपनटून्झ, टूडी-थ्रीडी एकत्र हवं असेल तर ब्लेंडर, अगदी साधं हवं असेल तर पेन्सिल टूडी. स्टोरीबोर्डसाठी स्टोरीबोर्डर, आवाजासाठी ऑडॅसिटी, एडिटसाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती.
– हेडफोन. लॅपटॉपच्या स्पीकरवर आवाजातली खरखर कळत नाही.
– दोन बाहेरच्या हार्ड डिस्क.
– एक वही, फक्त शेऱ्यांसाठी.

सॉफ्टवेअर शिकण्यात वर्ष घालवू नका. रेघ काढणं, फ्रेम पुढे-मागे करणं, मागचं चित्र फिकट दिसेल असं ठेवणं, लेयर आणि एक्स्पोर्ट, एवढं आलं की पुरे. बाकीचं अडेल तेव्हा शिकता येतं.

४. गोष्ट

एक पात्र, एक जागा, एक हवंसं. तिसऱ्यात अडथळा आला की गोष्ट तयार. माझी फिल्म वासी उत्तरायणाची, म्हणजे १५ जानेवारीची आहे. आदल्या दिवशीचा धुडगूस संपलेला, तारांवर आणि झाडांवर फाटके पतंग, सगळीकडे मांजा लोंबतोय. एक आजी अगाशीवर काठी घेऊन तो मांजा ओढून ओढून गोळा करते, कारण एक कबुतर त्यात अडकलेलं आहे. इतकंच. संवाद एका ओळीचा.

ओळखीची जागा घेतल्याचा फायदा असा की संदर्भ घराबाहेरच असतो. सकाळी खंडेराव मार्केटला जा आणि टोपली डोक्यावर चढवणारी माणसं चितारा. वजन उचलण्याआधी शरीर आधी खाली जातं, गुडघे वाकतात, मग उचल होते. ॲनिमेशनच्या पुस्तकांत ज्याला पूर्वतयारी म्हणतात ती तिथे फुकट शिकायला मिळते. कमाटी बागेत म्हातारी माणसं बाकावर बसताना कशी आधी हात टेकवतात ते पाहा. रंगांसाठी तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघून या. फोनमधल्या तयार पॅलेटपेक्षा त्या भिंतींवरचे रंग या शहराच्या उजेडाशी जास्त जुळतात, असं माझं मत आहे.

५. स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक

गोष्ट चौकटींत काढा. चित्रं अंगठ्याएवढी आणि भराभर. एका चौकटीला दोन मिनिटांहून जास्त लागत असतील तर तुम्ही सजवायला लागला आहात. थांबा. स्टोरीबोर्ड फेकून देता आला पाहिजे, आणि जीव लावून रंगवलेलं चित्र कुणालाच फेकवत नाही.

मग या चौकटींचे फोटो एडिटमध्ये एकापुढे एक मांडा, प्रत्येकाला किती सेकंद हवे ते ठरवा आणि खाली कच्चा आवाज टाका. पावलं तोंडाने काढा, संवाद फोनवर म्हणा. हा झाला ॲनिमॅटिक. हलत काही नाही, पण फिल्मची लांबी, लय आणि गोष्ट सगळं त्यात आहे. या पायरीवर हवा तितका वेळ द्या. आठवडे लागले तरी चालतील. इथे एक शॉट काढून टाकायला एक क्लिक लागतो. तोच शॉट रंगवून झाल्यावर काढायचा म्हटलं तर साठ-सत्तर चित्रं जातात, आणि मन तयार होत नाही ते वेगळंच.

प्रकल्पाची फ्रेमसंख्या २४ आणि आकार १९२० बाय १०८० इथेच ठरवून टाका. मध्येच बदललं की आवाज आणि चित्र सरकतात.

६. पहिल्यांदा दाखवा: ॲनिमॅटिक

आता लेखाचा गाभा.

कुणाला दाखवायचं? चार प्रकारची माणसं शोधा. एक जण ज्याला ॲनिमेशन किंवा निदान चित्रकला कळते. एक जण ज्याला यातलं काही कळत नाही. आठ-दहा वर्षांचं एक मूल. आणि आपल्या गावात जी सोय आहे ती वापरून, मराठी न कळणारी एखादी व्यक्ती. शेजारी गुजराती कुटुंब असतंच. संवाद न समजता गोष्ट पोचली तर चित्रं आपलं काम करताहेत असं समजा. एकत्र बसवू नका. पहिला बोलणारा जे म्हणतो त्याभोवती बाकीचे फिरत राहतात. एकेकाला वेगळं दाखवा. वेळ जातो, पण सहा जणांच्या घोळक्यातून एकच मत निघतं आणि चार माणसांकडून चार.

कसं दाखवायचं? सुरुवातीला काही सांगू नका. "ही एका आजीची गोष्ट आहे, ती ना..." असं बोललात की प्रयोग वाया गेला. फिल्म स्वतः जे सांगते तेवढंच त्यांना मिळू दे. एवढंच म्हणा: "कच्चं आहे, चित्रं हलणार नाहीत, पूर्ण बघा." चालू असताना स्क्रीनकडे पाहू नका, माणसाकडे पाहा. कितव्या सेकंदाला नजर हलली, कुठे पुढे झुकले, कुठे हसले, ते वहीत वेळ घालून टिपा. लोक तोंडाने जे सांगतात त्याहून हे जास्त खरं असतं.

काय विचारायचं? "आवडली का?" हा प्रश्न टाळा. आपल्याकडे कुणी घरी बोलावून, चहा-सेव उसळ देऊन हा प्रश्न विचारला तर उत्तर "छान आहे" हेच असणार. माणसं सभ्य आहेत. त्याऐवजी असं विचारा:

– काय घडलं ते पहिल्यापासून मला सांगा.
– ती हे का करतेय असं वाटलं?
– कुठे थोडं लांबलं?
– कुठे "हे काय?" असं झालं?
– एक शॉट काढून टाकायचाच असेल तर कोणता काढाल?

शेवटच्या प्रश्नाने सभ्य माणूससुद्धा मोकळा होतो, कारण त्यात टीका करायची परवानगी दिलेली आहे.

आणि तुम्ही गप्प बसा. "अहो, ते पुढे कळतं" हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळा. थिएटरात किंवा फोनवर फिल्म बघणाऱ्याशेजारी तुम्ही समजावून सांगायला बसलेले नसणार.

माझ्या ॲनिमॅटिकमध्ये काय झालं ते सांगते. आजी मांजा गोळा करते हे शॉट आधी होते आणि अडकलेलं कबुतर नंतर दिसत होतं, म्हणजे उलगडा व्हावा या हेतूने. शेजारच्या गुजराती बेन बघून म्हणाल्या, आजी काटकसरी दिसतात, मांजा पुढच्या वर्षी वापरणार. आणि तेच त्यांनी शेवटपर्यंत धरलं. कबुतर त्यांना योगायोग वाटला. दुसऱ्या एका मित्राने वेगळ्या शब्दांत हेच सांगितलं: "आजी आधी कंजूष वाटते, मग एकदम दयाळू होते." दोघांचं बोट एकाच जागी होतं. मी कबुतराच्या फडफडीचा शॉट सगळ्यात पुढे नेला. नवीन चित्र एकही लागलं नाही, आणि आजीच्या प्रत्येक हालचालीला अर्थ आला. हे रंगवून झाल्यावर कळलं असतं तर आजीच्या नजरेच्या दिशेपासून सगळं पुन्हा काढावं लागलं असतं.

मुलाला दाखवल्यावर त्याने विचारलं, "हा कावळा का अडकलाय?" मुलं आकार वाचतात. म्हणून पात्राची बाह्यरेघ काळ्या रंगाने पूर्ण भरून पाहा. नुसत्या सावलीवरून ओळखू येत असेल तरच पुढे जा.

७. शेरे चाळा

त्याच रात्री काही बदलू नका. दोन दिवस वही बंद ठेवा. मग शेरे तीन भागांत लिहून काढा.

पहिला भाग, दोन किंवा जास्त जणांनी एकाच जागी बोट ठेवलं ते. त्यांची कारणं आणि उपाय वेगवेगळे असतील, तरी जागा एकच असेल तर तिथे दुखतंय हे नक्की. हे दुरुस्त करायचंच.

दुसरा भाग, एकानेच सांगितलं पण तुमच्या मनात ते आधीपासून डाचत होतं ते. हेही करा.

तिसरा भाग आवडीनिवडीचा. "विनोदी कर", "शेवटी गाणं टाक", "आजीऐवजी मुलगी घे." हे लोक मनापासून सांगतात, पण ती त्यांच्या डोक्यातली फिल्म असते. आभार माना आणि सोडून द्या.

एक बारकावा. प्रेक्षकाला दुखणं बरोबर कळतं. उपाय मात्र त्याला कळेलच असं नाही. "इथे संगीत टाक" असं कुणी म्हणालं तर बहुधा त्याचा अर्थ "इथे मला काही वाटलं नाही" असा असतो. "शेवट घाईत आटोपला" असं म्हणालं तर पुष्कळदा दोष शेवटात नसतो, शेवटाला लागणारी एखादी वस्तू आधी नीट दाखवलेली नसते. शेऱ्यातली जागा घ्या, उपाय स्वतः शोधा.

८. आवाज

संवाद असतील तर पक्का आवाज ॲनिमेशनच्या आधी रेकॉर्ड करा, कारण ओठ आवाजावर बेतायचे असतात. जागा म्हणजे घरातली सगळ्यात लहान, कपड्यांनी भरलेली खोली. भिंतींना गाद्या-गोधड्या लावा. पंखा आणि फ्रिज बंद. जुन्या पोळीतल्या, म्हणजे दाट वस्तीच्या गल्लीतल्या, घरात पहाटे चार ते साडेपाच हीच खरी वेळ, त्यानंतर स्कूटर आणि कबुतरं सुरू होतात. नवरात्रात आणि उत्तरायणाच्या आठवड्यात रेकॉर्डिंग ठेवू नका. खोलीतली नुसती शांतताही मिनिटभर रेकॉर्ड करा, एडिटमध्ये संवादांमधल्या फटी बुजवायला तीच लागते.

ओठांचं मराठीत सोपं आहे. नेटवर मिळणारे तोंडांचे तक्ते बहुतेक इंग्रजी उच्चारांवर बेतलेले असतात. आपल्याला सात आकार पुरतात. प, ब, भ, म ला ओठ पूर्ण मिटलेले. फ, व ला खालचा ओठ दातांजवळ. आ ला मोठं उघडं. इ, ए ला रुंद. उ ला छोटं गोल. ओ ला मोठं गोल. आणि बाकी सगळ्यांना, म्हणजे क, ट, न, ळ वगैरेंना, अर्धवट उघडं तोंड, कारण तिथे जीभ आत काम करते आणि बाहेरून फारसं दिसत नाही. मिटलेले ओठ चुकवू नका. "आई, पाणी" म्हणताना प ला ओठ मिटले नाहीत तर सगळं खोटं दिसतं. तोंडाचा आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी आला तर नैसर्गिक वाटतो. उशिरा आला तर नाही.

९. ॲनिमेशन आणि फाइली

शॉट गोष्टीच्या क्रमाने करू नका. आधी मधला एखादा सोपा शॉट घ्या. हात बसला की अवघड शॉट, आणि पहिला व शेवटचा शॉट सगळ्यात शेवटी, कारण प्रेक्षक तेच लक्षात ठेवतो. प्रत्येक शॉटमध्ये आधी मुख्य पोझ, मग मधली चित्रं, मग स्वच्छ रेघ. पूर्ण फिल्म कच्च्या रेघेत संपेपर्यंत एकाही शॉटला रंग लावू नका. मोह होतो, पण एक रंगीत शॉट तयार झाला की त्याला धक्का लावायची हिंमत जाते.

फाइलची नावं रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता, शॉट क्रमांक आणि आवृत्ती क्रमांक घालून ठेवा. "फायनल" हा शब्द नावात येऊ देऊ नका. रोजचं काम संपलं की एका डिस्कवर कॉपी. आठवड्यातून एकदा दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क दुसऱ्या वस्तीतल्या नातेवाइकांकडे, वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ आणि २०२४ च्या पावसाळ्यात विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं कारण सांगायला नको.

१०. दुसऱ्यांदा दाखवा: कच्ची हालचाल

पूर्ण फिल्म रेघांत हलायला लागली की दुसरी फेरी. या वेळी निदान दोन माणसं नवी घ्या, ज्यांनी ॲनिमॅटिक पाहिलेला नाही. जुन्या लोकांना गोष्ट माहीत आहे. ते रिकाम्या जागा मनाने भरतात.

प्रश्न बदलतात. आता वजन आणि वेळ विचारा: काठी जड वाटली का, आजी दमलेली कुठे दिसली, कुठली हालचाल पाण्यातल्यासारखी तरंगती वाटली. जाणकार माणसाकडे शॉट एकेक फ्रेम पुढे नेऊन बसा. इथे स्वतः ॲनिमेशन करणाऱ्यांचा शेरा सोन्यासारखा असतो, आणि तो मिळवायचा तर त्यांच्या फिल्मही तितक्याच मनापासून पाहाव्या लागतात. दुसऱ्याला शेरा देताना आधी तुम्हाला काय दिसलं ते सांगा, मग सेकंद सांगून अडचण सांगा. त्यांची चित्रं स्वतः दुरुस्त करून पाठवू नका.

लांबच्या मित्रांना पाठवताना काही गोष्टी पाळा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ तसाच टाकला तर दाबला जाऊन रेघा पुसट होतात. लिंक द्या किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कोपऱ्यात सेकंद आणि आवृत्ती क्रमांक छापा. तीनच प्रश्न, आणि उत्तराची तारीख. "हेडफोन लावून, एकदा न थांबता बघा" हे लिहा, नाही तर लोक बसमध्ये आवाज बंद करून बघतात. ८ ते १६ जानेवारीच्या दरम्यान बडोद्यातल्या कुणाकडूनही उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

११. रंग, एडिट, आणि तिसऱ्यांदा दाखवणं

फिल्म थेट व्हिडिओ म्हणून रेंडर करू नका (म्हणजे कॉम्प्युटरकडून पक्की फाइल बनवून घेऊ नका), पीएनजी फ्रेमची मालिका म्हणून करा, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र. सहाशेव्या फ्रेमला वीज गेली तर सहाशे एकपासून सुरू करता येतं. व्हिडिओ असेल तर सगळंच पुन्हा.

संगीताबद्दल नीट ऐका. "जुनं आहे, चालेल" हा मोठा सापळा आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं असतो, आणि गीतकार-संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. दोन्ही तपासावे लागतात. बडोदा दरबाराचे गायक उस्ताद फैयाज खाँ १९५० साली गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांची ६० वर्षं केव्हाच झाली. पण त्यांचंच एखादं मुद्रण पुढे कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा प्रसिद्ध झालं असेल तर मोजणी तेव्हापासून होते. मोफत संगीत घेतलं तर त्याच्या परवान्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, आणि "व्यावसायिक वापर नाही" अशी अट आहे का पाहा.

तिसरी फेरी पूर्ण फिल्मची, आणि इथे गोष्टीबद्दल विचारू नका. आता ती बदलणार नाही, आणि विचारलं की लोक सांगणार, आणि तुम्हाला झोप लागणार नाही. फक्त एवढं विचारा: सबटायटल वाचायला वेळ पुरला का, शुद्धलेखन बरोबर आहे का, आवाज कुठे एकदम मोठा किंवा बारीक होतो का. फोन, लॅपटॉप आणि टीव्ही, तिन्हींवर चालवून बघा. श्रेयनामावलीत शेरे देणाऱ्या सगळ्यांची नावं घाला, आणि कुणाला कसं लिहिलेलं हवं ते आधी विचारा.

१२. बाहेर पाठवताना

महोत्सवांसाठी एक फोल्डर तयार ठेवा:

– फिल्म, आणि इंग्रजी सबटायटलची वेगळी फाइल
– दोन ओळींचा आणि शंभर शब्दांचा असे दोन गोषवारे, मराठी आणि इंग्रजीत
– फिल्ममधली चार-पाच मोठ्या आकाराची चित्रं, एक पोस्टर
– तुमची ओळख आणि फोटो
– संगीताचे परवाने, आवाज देणाऱ्यांची लेखी संमती
– ओळखपत्राची प्रत, विद्यार्थी गटात पाठवत असाल तर कॉलेजचं पत्र

फिल्म यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुली करण्याआधी ज्या महोत्सवांना पाठवायचं आहे त्यांचे नियम वाचा. काही जण आधीच नेटवर आलेली फिल्म घेत नाहीत. तोवर लिंक पासवर्ड लावून ठेवा. यूट्यूबवर टाकायला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही. थिएटरमध्ये तिकीट लावून दाखवायची असेल तर लागतं. प्रवेशशुल्काकडे लक्ष द्या. छोट्या छोट्या रकमा मिळून बघता बघता टॅब्लेटची किंमत होते. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात माहितीपट आणि लघुपटांबरोबर ॲनिमेशनलाही जागा असते, त्याच्या तारखांवर लक्ष ठेवा.

निवड झाली की काही ठिकाणी डीसीपी नावाची थिएटरची फाइल मागतात. त्यासाठी पैसे मोजण्याआधी डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहा. पीएनजी फ्रेम आणि वेगळा आवाज जपून ठेवलेला असेल तर तिथूनच ती तयार होते.